उन्हाळ्यात कारने निघून वाटेत नातेवाइकांकडे मुक्काम आणि पुढे चार महिने नव्या शहरात भाड्याने राहायचं आहे. नियोजन कसं करावं?

घराच्या किल्ल्या ज्या दिवशी हातात पडणार तो दिवस आधी पक्का करा आणि तिथून उलटं मोजत या. बहुतेक जण निघायच्या दिवसापासून पुढे मोजतात. मग काकांकडे ‘आजचा दिवस राहा की’ होतं आणि शेवटचा टप्पा एका दमात मारावा लागतो. म्हणून फोनवर येण्याच्या वेळेसोबत निघण्याची वेळही सांगून टाका. जरा तुटक वाटेल, पण पाहुणे कधी जाणार हे विचारायची यजमानांना चोरी असते, त्यांचीही सोय होते.

चार महिन्यांचं सामान म्हणजे गाडी गच्च. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बऱ्याच गाड्यांत हवेचे दोन आकडे दिलेले असतात, नेहमीचा आणि पूर्ण भाराचा. तुम्हाला दुसरा हवा. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआयने सहज वाढतो, तेव्हा भर दुपारी कोणी ‘जास्त आहे, काढू का?’ म्हणालं तर नको म्हणा. उन्हाळ्यात खरा धोका कमी हवेचा: टायरची बाजू सारखी दबत राहते, आतून तापते आणि फुटते. टायरचं वयही बघून घ्या. बाजूवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

सामान भरताना घराचं खाली, मुक्कामाची एकच बॅग दाराशी. नातेवाइकांकडे तेवढीच उतरवायची. औषधं आणि लॅपटॉप मात्र गाडीत ठेवू नका. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. इन्सुलिन तर खराबच होईल. आजी ‘मी बसते गाडीतच’ म्हणाल्या तरी ऐकू नका, लहान मुलांचा तर प्रश्नच नाही.

गाडी पहाटे उजाडल्यावर काढा आणि दुपारी दोन ते चार शक्यतो थांबा. त्या वेळी जेवण हलकं असलं तरी डोळे जड होतात. कॉफीचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे कॉफी पिऊन लगेच निघण्यापेक्षा तेवढ्या वेळात डुलकी काढलेली बरी.

नव्या घरी उजेडी पोचा. सामान उतरवण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतींचे डाग, गळके नळ, विजेच्या मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी घरमालकांना पाठवा. डिपॉझिट परत घेताना वाद झालाच तर तारखेसह पुरावा असतो. गाडी दुसरीकडे जुन्या नंबरवर किती काळ चालते, याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते निघण्याआधीच पाहा.

पहिले दोन आठवडे फर्निचर घेऊ नका. काय खरंच अडतंय ते राहिल्यावरच कळतं आणि जे घ्याल ते जाताना विकायचं आहे. खोकी मात्र फेकू नका. घड्या घालून पलंगाखाली सारा, परतताना तीच लागतील.