आमचा कोल्हापूरचा आठ जणांचा ग्रुप फेब्रुवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंगसाठी जमतोय, सगळे नवखे आहोत. आतापासून काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की बर्फावर पाच दिवस मिळणार आहेत, बोर्डावर आजवर कुणीच पाय ठेवलेला नाही आणि पहिल्याच दिवशी गंडोल्यानं, म्हणजे तिथल्या केबल कारनं, थेट वर जायचा बेत आहे. तो शेवटचा बेत तेवढा रद्द करा, बाकी सगळं छान जुळलंय. पाच दिवस ठेवलेत हे वाचून तर फार बरं वाटलं. स्नोबोर्डिंगचे पहिले दोन दिवस आपटण्यात जातात आणि साधारण तिसऱ्या दिवशी वळणं एकदम जमायला लागतात. स्कीइंगचं उलटं आहे, सुरुवात सोपी आणि पुढचं अवघड. म्हणून दोन दिवसांसाठी गेलेले लोक नेमके गोडी लागायच्या वेळी परत फिरतात.

गंडोला पहिल्या दिवशी का नको? कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, गुलमर्ग 2,650 मीटरवर. गंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे 3,100 मीटरवर सोडतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, रोज तालमीत घाम गाळणाऱ्यालासुद्धा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. तशा अवस्थेत बोर्डावर उभं राहू नये आणि आणखी वर तर मुळीच जाऊ नये. त्रास वाढत गेला तर खाली उतरणं हाच इलाज. पहिला दिवस गावात हिंडा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना ते आवर्जून सांगा.

दुसरं म्हणजे वरच्या टप्प्यावरून खाली येणारा उतार दाबून सपाट केलेला नसतो. तो उघडा डोंगर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन स्कीपटू गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलनात गेले. तिकडं जाणारे लोक बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) अंगावर बाळगतात आणि ते वापरायचा सराव करून जातात, कारण गाडलेल्या माणसाला वाचवायला हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. तुम्हाला या खेपेला तिथं बोर्ड न्यायचं काही कारण नाही. देखावा बघायला पाचव्या दिवशी नुसतं बसून वर जा आणि बसूनच खाली या. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, तेव्हा त्या दिवसावर बाकीचा बेत टांगून ठेवू नका.

आता घरच्या तयारीकडं येऊ. आधी प्रत्येकाचा पुढचा पाय कोणता ते ठरवा. पायात मोजे घालून शहाबादी फरशीवर चार पावलं पळा आणि घसरत जा. घसरताना जो पाय आपोआप पुढं जातो तोच बोर्डावर पुढं. डावा पुढं गेला तर रेग्युलर, उजवा गेला तर गूफी. फुटबॉल कोणत्या पायानं मारता त्यावरून ठरवू नका, ते नेहमी जुळतंच असं नाही.

मग पायाचं माप. टाच भिंतीला लावून कागदावर उभं राहा, अंगठ्याच्या टोकाशी खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. स्नोबोर्डच्या बुटांवर बहुधा हाच आकडा छापलेला असतो, भारतीय आठ नंबर म्हणजे साधारण 27. पाय 28.5 सेंटिमीटरच्या पुढं असेल तर रुंद बोर्ड मागा. नाहीतर बुटाची टोकं कडेबाहेर येतात, वळताना बर्फाला घासतात आणि बोर्ड हातचा सुटतो. लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं. साठ ते सत्तर किलोच्या नवख्या माणसाला 150 ते 154 सेंटिमीटरचा बोर्ड बरा, म्हणजे उभा धरला तर हनुवटी ते नाक यांच्या मधे येणारा. गुलमर्गच्या दुकानांत स्की ढिगानं असतात, स्नोबोर्ड त्यामानानं कमी. आठ जणांची उंची, वजन आणि पायाचं माप एका कागदावर लिहून दुकानदाराला आठवडाभर आधी फोनवर सांगून ठेवा. प्रशिक्षकही तेव्हाच ठरवा आणि तो स्नोबोर्ड शिकवतो ना, हे विचारून घ्या, कारण बरेच जण फक्त स्कीइंग शिकवतात. आठ जणांना दोन प्रशिक्षक हवेतच.

पायांची तयारी रोजच्या बैठकांनी होते. त्याशिवाय भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबायचं, तीन वेळा. उतारावर गुडघे सतत वाकलेले राहतात, म्हणून मांड्या आधी भरून येतात. तोल शिकायला घरीच फळी करता येते. 18 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, 75 बाय 30 सेंटिमीटर, त्याखाली चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा. फळीच्या दोन्ही टोकांना खालून लाकडी पट्टी ठोका म्हणजे पाइप बाहेर निसटत नाही. खाली सतरंजी अंथरा आणि सुरुवातीला भिंतीशेजारीच उभे राहा. महिनाभर रोज दहा मिनिटं केलंत तर पहिल्या दिवशीचा गोंधळ निम्मा होईल.

भाड्याचा बोर्ड हातात आला की तिथंच दुकानात तपासा. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडींचे, स्क्रू बऱ्याचदा सैल असतात आणि अर्ध्या उतारावर बाइंडिंग फिरलं की घोटा पिरगाळतो. या स्क्रूंना तीन नंबरचा पॉझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स लावला तर तो घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. निघण्याआधी उद्यमनगरात एखाद्या हत्यारांच्या दुकानी विचारा, सगळ्यांत मिळून एक पुरे, आणि विमानात तो चेक-इनच्या बॅगेत टाका. नंतर बाइंडिंगचे कोन बघा. दोन्ही पाय थोडे बाहेरच्या बाजूला, पुढचा +15 अंश (बोर्डाच्या नाकाकडं), मागचा -9 ते -15 (शेपटीकडं). दोन पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त. पट्ट्यांचे रॅचेट (आवळायचे दातेरी खटके) बाहेरच्या बाजूला आले पाहिजेत. आत आले तर डाव्या-उजव्याची अदलाबदल झालीये. शेवटी कडेवरून नख आडवं फिरवा. नखाचा बारीक कीस निघाला तर कडेला धार आहे. गुळगुळीत गेलं तर दुसरा बोर्ड मागा, धार नसलेली कड टणक बर्फावर पकड घेत नाही.

बूट घट्ट हवा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकतात, गुडघे वाकवले की मागं सरतात आणि टाच अजिबात उचलत नाही, असा. मोजा एकच, लोकरीचा, नडगीपर्यंत. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात.

आता प्रत्यक्ष उतार. स्नोबोर्डवर सगळा खेळ दोन पोलादी कडांचा आहे, एक टाचेकडची आणि एक बोटांकडची. बोर्ड उताराला आडवा धरून घसरत असताना वजन नेहमी डोंगराकडच्या कडेवर राहिलं पाहिजे. खालच्या बाजूची कड एकदा बर्फात रुतली की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि शरीर मात्र त्याच वेगानं खाली जातं. दरीकडं तोंड असेल तर माणूस गुडघ्यांवर-हातांवर पडतो. डोंगराकडं तोंड असेल तर पाठीवर, आणि डोक्याची मागची बाजू टणक बर्फावर आदळते. हे अगदी मंद वेगातही होतं, म्हणून पहिल्या पावलापासून हेल्मेट. नवख्यांना सगळ्यात जास्त दुखापत होते ती मनगटाला, कारण पडताना हात आपोआप टेकवला जातो. मनगटाचे गार्ड आणि गुडघ्यांचे पॅड इथूनच घेऊन जा. पडायची सवयसुद्धा घरी गादीवर करा. पुढं पडताना मुठी वळून दोन्ही हात कोपरापासून एकदम टेकायचे. मागं पडताना खाली बसत जायचं, हनुवटी छातीला लावायची आणि हात पोटाशी घ्यायचे.

शिकायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नका. आधी सपाटीवर फक्त पुढचा पाय बांधून मागच्या पायानं ढकलत चालणं. मग लहानशा उतारावर सरळ घसरणं. त्यानंतर टाचेच्या कडेवर, दरीकडं तोंड करून, आडवं खाली सरकणं. इथं बहुतेक जण कमरेतून वाकतात आणि पाय ताठ ठेवतात, मग बोर्ड थरथरतो आणि बूड टेकतं. पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा, पायाची बोटं वर ओढा. हे दहा-बारा वेळा नीट झालं की तेच बोटांच्या कडेवर, डोंगराकडं तोंड करून. मग झाडाचं पान गळताना जसं डावीकडून उजवीकडं झुलत येतं तसं एकाच कडेवर इकडून तिकडं. ज्या दिशेला बघाल तिकडं खांदे वळतात आणि खांद्यांमागून बोर्ड, त्यामुळं स्वतःच्या पायांकडं बघत बसू नका. वळण शेवटी. वळताना क्षणभर बोर्डाचं नाक थेट खाली होतं, वेग येतो आणि घाबरून माणूस मागच्या पायावर वजन टाकतो. तसं केलं की पुढचं टोक हलकं होतं आणि बोर्ड वळतच नाही. भीती वाटेल त्याच क्षणी वजन पुढच्या पायावर द्यायचं. हे एकदा अंगात भिनलं की समजा आलं.

खालच्या उतारांवर ओढून नेणारी लिफ्ट असते, दांडीला गोल चकती. मागचा पाय मोकळा ठेवून तो दोन बाइंडिंगच्या मधे टेकवा, चकती मांड्यांमधे घ्या आणि उभेच राहा. बसायला गेलात की दोरी सैल पडते आणि तुम्ही खाली. वर पोचल्यावर लगेच बाजूला व्हा. बोर्ड बर्फावर ठेवताना नेहमी उलटा ठेवा, बाइंडिंग खाली. त्याला ब्रेक नसतो आणि सुटलेला बोर्ड खाली उभ्या असलेल्या कुणाचाही पाय मोडू शकतो. पायात बोर्ड बांधण्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ खरवडा, टाच मागं नीट बसवा, आधी घोट्याची पट्टी आणि मग बोटांची. उतारावर खालच्या माणसाचा हक्क पहिला, चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचं ते कडेला आणि वरून दिसेल अशा जागी. आठ जण गप्पा मारत मधेच बसलेत, हे नेहमीचं दृश्य आहे आणि ते खरंच धोक्याचं आहे.

कपड्यांत जीन्स आणि सुती बनियन नको, ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. आत पॉलिएस्टर किंवा लोकर, मधे फ्लीस, बाहेर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. वाटेवरच्या टंगमर्गला भाड्यानं मिळणारे फरचे कोट आणि गमबूट फोटोपुरते ठीक, बोर्डावर निरुपयोगी. हातमोज्यांचे दोन जोड न्या, नवखा माणूस दिवसभर हात बर्फात टेकवत असतो. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा लावा. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा, भूक वेळेआधी लागते.

प्रवासाचं थोडक्यात. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई किंवा रस्त्यानं पुणे गाठून पुढं श्रीनगरचं विमान घ्या. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्गपासूनच्या शेवटच्या 13 किलोमीटरला बर्फ पडला असेल तर चेन लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी लागते. बर्फामुळं विमानं रद्द होतात, म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवा आणि तो श्रीनगरात काढा. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, निदान दोघांकडं तरी पोस्टपेड असू द्या. विम्याची पॉलिसी वाचताना साहसी खेळ वगळलेत का ते बघा.

तारखेबद्दल माझा सल्ला फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचा. 21 डिसेंबरपासूनचे चिल्लई कलाँचे, म्हणजे काश्मीरातल्या सगळ्यात कडक थंडीचे, चाळीस दिवस तेव्हा नुकतेच संपलेले असतात आणि बर्फाचा थर बहुधा चांगला साठलेला असतो. पण भरवसा धरू नका. जानेवारी 2024 मध्ये महिनाअखेरपर्यंत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, आणि 2025 मध्ये फेब्रुवारीतले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी मार्चवर ढकलावे लागले. म्हणून हॉटेल आणि विमान दोन्ही तारीख बदलता येईल असंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. निघण्याच्या दहा दिवस आधीपासून बर्फाची खबर दुकानदाराऐवजी प्रशिक्षकाला विचारा. खालच्या उतारावर गुडघाभर बर्फ आहे का, एवढा एकच प्रश्न. कारण तुमचे पहिले दोन दिवस तिथंच जाणार आहेत.