फी लष्कर भरणार, वर्षं कोण देणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच गुंत्याची निघाली, विद्यापीठ की लष्कर की दोन्ही, त्यामुळे हा अंक त्यांनाच देतेय. पत्रं लिहिणारे एकाच देशात राहत नाहीत त्यामुळे सगळ्यांना एकच नियम लागू नाही, उदाहरण देताना ते कुठलं ते सांगेन, बाकी तुमच्या देशाचा करार तुम्हालाच बसून वाचायचाय.

प्रश्न १

ताई, मी १७ वर्षांची आहे. मेकॅनिकल इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळालीय आणि त्याच वेळी लष्कराच्या स्पॉन्सरशिपसाठी पण सिलेक्शन झालंय. चार वर्षांची फी ते भरणार, महिन्याला थोडे पैसेही देणार, मग मी ऑफिसर म्हणून ठरलेली वर्षं नोकरी करायची. घरी सगळे म्हणतात एवढं फुकट मिळतंय तर विचार कसला करतेस. इंजिनीअरिंग मला नक्की करायचंय पण युनिफॉर्मबद्दल माझं मत रोज बदलतं. नाही म्हटलं तर मूर्खपणा होईल का?

उत्तर

नाही गं, अजिबात नाही. आधी तो फुकट शब्द बाजूला ठेवूया कारण सगळा घोळ तिथेच होतो. मार्कांवर मिळालेली स्कॉलरशिप एकदा मिळाली की तुझी, पण स्पॉन्सरशिप म्हणजे पुढच्या नोकरीचा पगार आधीच उचलण्यासारखं आहे, उचल घेतली की फेडायची, आणि ही तुला वर्षांत फेडायचीय. तीही २२ ते २७ च्या आसपासची वर्षं, ज्या काळात बरोबरीची मुलं मास्टर्स करतात, नोकऱ्या बदलून बघतात, चुकतात आणि परत सुरुवात करतात. ती वर्षं लष्करात जाणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, कित्येकांच्या आयुष्यातली सगळ्यात भरलेली वर्षं तीच असतात, फक्त आपण काय देतोय हे माहीत असू दे.

आता आकडे बघ. अमेरिकेत विद्यापीठात शिकता शिकता ऑफिसर घडवायची आरओटीसी नावाची योजना आहे, १९१६ च्या कायद्याने सुरू झालेली. तिथे आर्मीची स्कॉलरशिप घेतली तर एकूण बांधिलकी ८ वर्षांची, त्यातली साधारण ४ पूर्णवेळ आणि उरलेली रिझर्व्हमध्ये, म्हणजे तू बाहेर दुसरी नोकरी करत असलीस तरी बोलावणं आलं की जायचं. लोक घरी सांगताना ४ सांगतात आणि ८ विसरतात! कॅनडात हिशोब महिन्यांचा, शिक्षणाच्या एका महिन्याला दोन महिने सेवा. अमेरिकी हवाई दलात पायलट व्हायचं असेल तर १० वर्षं, आणि ती मोजायला सुरुवात होते पायलटचं ट्रेनिंग संपल्यावर, डिग्री मिळाल्याच्या दिवसापासून नाही, म्हणजे चोविसाव्या वर्षी ट्रेनिंग संपलं तर चौतिशीपर्यंत. तिथेच मेडिकलची फी लष्कराने भरली असेल तर जितकी वर्षं भरली तितकी सेवा, पण त्यानंतर स्पेशलायझेशन करताना जी रेसिडेन्सीची वर्षं जातात ती या फेडीत धरत नाहीत. म्हणून किती वर्षं एवढंच विचारून थांबू नकोस, मोजणी कुठल्या दिवसापासून आणि काय काय त्यात धरत नाहीत तेही विचार, आणि उत्तर लेखी घे.

दुसरं म्हणजे ब्रँच, म्हणजे लष्करात गेल्यावर कुठल्या विभागात काम करायचं ते. मेकॅनिकल केलं म्हणजे गाड्यांच्या आणि रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्येच जाणार असं तू धरून चालली असशील तर तसं नसतं. आरओटीसीतून आर्मीत जाणाऱ्यांची ब्रँच शेवटी शेवटी ठरते, तुझी पसंती विचारतात, पण तुझी कामगिरी आणि त्या वर्षी सैन्याला कुठे किती माणसं हवीत हे दोन्ही बघून ठरवतात. डिग्री इंजिनीअरिंगची आणि काम सप्लायचं किंवा तोफखान्याचं असं होऊ शकतं. तुला इंजिनीअरिंग नक्की करायचंय असं लिहिलंयस म्हणून हे मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्याबाबतीत हा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न विचारते, तुलाही विचारते. समज तुझी सगळी फी आजच दुसऱ्या कोणीतरी भरून टाकली, एक पैसा बाकी नाही, तरी तू या योजनेत गेली असतीस का? उत्तर घरात मोठ्याने बोलू नकोस, कागदावर लिही, आठ दिवसांनी परत लिही. दोन्ही वेळा हो आलं तर शंका येत असूनही जा. दोन्ही वेळा नाही आलं तर तुझा प्रश्न लष्कराचा नाहीच, फीचा आहे, आणि फीचे इतर मार्ग आधी नीट शोधायला हवेत, कर्जसुद्धा. कर्जाला लोक उगाच घाबरतात असं मी म्हणणार नाही, पण चांगली नोकरी लागली तर कर्ज लवकर फेडून मोकळं होता येतं, वर्षं लवकर फेडता येत नाहीत. आणि खरंच दुसरा मार्ग नसेल, घरची परिस्थिती तशी असेल, तर पैशासाठी स्पॉन्सरशिप घेण्यात कमीपणा नाही, मी फीसाठी गेलेली आणि मग त्या कामात जीव रमलेली मुलं पाहिलीत, दिवस मोजत बसलेलीही पाहिलीत. दिवस मोजणाऱ्यांना आपण फीसाठी आलोय हे आधी कोणी कबूल करू दिलं नव्हतं, एवढा फरक मला दिसला.

तुझं मत रोज बदलतं ना, मग करारात एक तारीख शोध, कधीपर्यंत बाहेर पडलं तर काही द्यावं लागत नाही ती. आरओटीसीच्या चार वर्षांच्या स्कॉलरशिपमध्ये पहिलं वर्ष मोकळं असतं, दुसरं वर्ष सुरू झालं की बांधिलकी सुरू. वेस्ट पॉइंटसारख्या अमेरिकेतल्या लष्करी अकादमीत, जिथे नंतर ५ वर्षं पूर्णवेळ सेवा असते, तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायच्या आत निघता येतं. तुझ्या योजनेत अशी सोय असेल तर पहिलं वर्ष म्हणजे तुला आतून बघायला मिळालेला वेळ आहे, आणि नसेल तर सही करण्याआधीच जास्त बघावं लागेल. भरती ऑफिसमधले लोक सांगतील ते ऐक पण त्यांच्यावर थांबू नकोस, नोकरीत तीनचार वर्षं झालेली एखादी ऑफिसर शोध आणि तिला विचार की मागच्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस. त्या एका मंगळवारातून तुला माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न २

आमचा मुलगा १८ वर्षांचा आहे, लहानपणापासून सैन्यात जायचं म्हणतो. फी भरायला आम्हाला अडचण नाही. आम्ही त्याला सांगतो आधी साधी डिग्री पूर्ण कर, मग बघू. चार वर्षांत डोक्यातून जाईल असं आम्हाला वाटतं. तो म्हणतो तुम्ही मला टाळताय आणि हल्ली बोलणंच बंद केलंय. आमचं काय चुकतंय?

उत्तर

तुमच्या पत्रातलं ते 'डोक्यातून जाईल' त्याला ऐकू आलंय, तुम्ही तोंडाने म्हटलं नसलं तरी. सल्ला चुकीचा नाहीये, पण तो देण्यामागचा हेतू त्याने ओळखलाय.

आधी डिग्री मग सैन्य हा अगदी सरळ रस्ता आहे. ब्रिटनमध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीचा ४४ आठवड्यांचा कोर्स करायला येणारे बहुतेक जण डिग्री घेऊनच येतात, भारतात पदवीनंतर ऑफिसर भरतीची सीडीएस ही परीक्षा आहे, अमेरिकेत पदवीधरांसाठी वेगळी ऑफिसर स्कूल आहेत. शिकताना कसलं बंधन नाही, विषय बदलता येतो, विद्यापीठाचं मोकळं आयुष्य मिळतं आणि २२ व्या वर्षी घेतलेला निर्णय जास्त पिकलेला असतो. पण काही दारं वयाने बंद होतात आणि ते त्याला माहीत असणार. खडकवासल्याच्या एनडीएत, म्हणजे बारावीनंतरच्या लष्करी अकादमीत, साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच वयाची खिडकी आहे, तिथली तीन वर्षं, एकत्र कवायत, एकत्र अभ्यास, ती पदवीनंतर परत मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या डिफेन्स फोर्स अकादमीत न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची डिग्री मिळते आणि शिकताना पगारही. त्याला ऑफिसर व्हायचंय की त्याला अकादमीचं आयुष्य हवंय हे विचारा. नुसतं ऑफिसर व्हायचं असेल तर तुमचा रस्ता त्यालाही पटू शकतो, अकादमीच हवी असेल तर तुमच्या 'मग बघू'चा अर्थ 'नाही' असाच होतो, आणि ते तसं सांगायला हवं.

आणि भीती वाटते तर भीती वाटते म्हणा. डिग्रीची महती सांगून भीती झाकता तेव्हा वाद डिग्रीवर होतो आणि दोघंही खरं काही बोलत नाही. तुमच्या भीतीत एक प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो त्याच्याबरोबर बसून विचारा, ट्रेनिंगमध्येच दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि पुढे काय. कमिशन, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूक, मिळायच्या आधी जायबंदी होऊन घरी आलेल्या कॅडेटचं काय होतं याची भारताच्या सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, म्हणजे हा प्रश्न काल्पनिक नाही. तुम्ही त्याच्या बाजूने बसून असे प्रश्न विचारायला लागलात की तो परत बोलेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न ३

मी स्पॉन्सरशिपवर दुसऱ्या वर्षाला आहे, वय २०. मार्क चांगले आहेत, फिटनेस चांगला आहे, त्रास कोणी देत नाही. पण बायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करायला लागल्यापासून मला कळलंय की मला रिसर्चच करायचंय. घरी सांगितलं तर आईबाबा कोसळतील, सगळ्या नातेवाइकांना त्यांनी अभिमानाने सांगितलंय. एक मित्र म्हणाला फिटनेस टेस्ट मुद्दाम फेल हो, ते स्वतःच काढतील. रात्री झोप लागत नाही.

उत्तर

मुद्दाम फेल होऊ नकोस रे. ते तुला काढतील हे खरं, पण काढताना दोष तुझ्या नावावर लागेल आणि वसुलीतून सुटका होईलच असं नाही. आरओटीसीत करार मोडला तर दोन गोष्टी होऊ शकतात, घेतलेले पैसे परत भरायचे किंवा साधा सैनिक म्हणून सेवेत बोलावणं येऊ शकतं, आणि यातलं काय करायचं हे तू नाही, लष्कर ठरवतं. तुझ्या करारात काय आहे ते आज काढून वाच, बाहेर पडायचं कलम, रक्कम, व्याज आहे का, निर्णय कोणाचा. तू दुसऱ्या वर्षात आहेस, म्हणजे बिनखर्चाची तारीख कदाचित नुकतीच गेलीय किंवा कदाचित अजून थोडे दिवस आहेत, त्यामुळे हे पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस.

मग बघ की तुला खरंच निघायचंय का. तुझ्या पत्रात युनिफॉर्मविरुद्ध एक शब्द नाही, लॅबबद्दल मात्र सगळं लिहिलंयस, म्हणजे तू कशापासून पळत नाहीयेस, कशाकडे तरी चाललायस, आणि अशा वेळी दोन्ही जमवायची वाट असू शकते. सैन्यांना संशोधक लागतात. अमेरिकेत माँटेरेला नौदलाचं पदव्युत्तर विद्यापीठ आहे, हवाई दलाची वेगळी संस्था आहे, तिथे ऑफिसर मास्टर्स आणि पीएचडी करतात, त्या बदल्यात सेवेची वर्षं वाढतात हे आहेच. लष्करी वैद्यकीय संशोधनाच्या प्रयोगशाळा कितीतरी देशांत आहेत. काही योजनांमध्ये सेवा पुढे ढकलून आधी पुढचं शिक्षण पूर्ण करू देतात. तुझ्या युनिटमधल्या ऑफिसरला मला निघायचंय असं म्हणण्याआधी मला रिसर्चकडे जायचंय, इथून कुठले रस्ते आहेत असं विचार. तुझ्या लॅबच्या प्राध्यापकांनाही सांग की तू बांधलेला आहेस, त्यांना हे माहीतच नसेल. आणि रस्ता नाहीच असं कळलं तर निघ, उघडपणे, लेखी, पैसे कसे फेडायचे त्याचा कागद तयार करून.

आईबाबांना सांगताना तो कागद समोर ठेव. नातेवाईक काय म्हणतील ही चिंता आहे पण फार थोड्या दिवसांची, तुझी पुढची वर्षं त्यापेक्षा खूप मोठी आहेत, आणि कोसळतील हे तू ठरवलंयस, त्यांना अजून विचारलेलं नाहीस. झोपेचं मात्र थांबवून ठेवू नकोस, विद्यापीठात समुपदेशक असतात त्यांच्याकडे याच आठवड्यात जा.

प्रश्न ४

मला लहानपणी दमा होता, आता तीन वर्षं काही नाही. वय १७. स्पॉन्सरशिपच्या मेडिकल फॉर्ममध्ये लिहू नकोस असं ओळखीचे एक जण म्हणाले. लिहू का?

उत्तर

लिही. तीन वर्षं म्हणजे चौदाव्या वर्षापर्यंत होता, आणि अमेरिकेसारख्या ठिकाणी तेरा वर्षं पूर्ण झाल्यानंतरचा दमा अपात्रतेत धरतात, पण तिथेच सूट मागायची सोयही आहे आणि तपासण्या करून ती मिळतेही. लपवलं आणि नंतर निघालं तर माहिती दडवली हे कारण लागतं, आणि त्याला सूट मिळणं फार अवघड. शिवाय धुळीत आणि थंडीत पाठीवर ओझं घेऊन धावताना श्वास अडकला तर बरोबरच्यांना आणि डॉक्टरला काय झालंय ते माहीतच नसेल. जुने रिपोर्ट काढ, छातीच्या डॉक्टरकडून आत्ताची फुप्फुसाची तपासणी करून घे, दोन्ही फॉर्मला जोड. आणि मेडिकलचा निकाल लेखी हातात येईपर्यंत विद्यापीठातली आपल्या पैशाची ॲडमिशन सोडू नकोस, तिथली फी भरायची शेवटची तारीख आधी येत असेल तर त्यांना पत्र लिहून मुदत माग.