शेरा ‘नॉर्मल’ असला तरी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी जुनी फाइल आठवली. तुमचं वय 43, एकूण कोलेस्टेरॉल 192, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 31, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, वडिलांना 51व्या वर्षी हार्ट अ‍ॅटॅक, आणि चेकअपवाल्यांचा शेरा ‘नॉर्मल’. आता डॉक्टरकडे जायची गरज आहे का, असं विचारताय. आहे. याच आठवड्यात जा.

आमच्या कंपनीचं वार्षिक चेकअप एका सेंटरकडे होतं. सलग तीन वर्षं माझ्या रिपोर्टवर हाच शेरा. एचडीएल 30 कसं, असं एकदा काउंटरवर विचारलं, तर “एकूण 200च्या आत आहे ना, मग काही नाही” म्हणून पुढच्याला हाक मारली. अजून राग येतो. पण मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला दाखवलं नाही. ही चूक मला दोन स्टेंटना पडली. लग्नाच्या हॉलचा जिना चढताना छाती आवळली, जबडा दुखायला लागला.

नंतर हृदयरोगतज्ज्ञांनी तोच रिपोर्ट घेऊन पेनने एक वजाबाकी केली. एकूण आकडा कमी दिसत होता, कारण त्यातलं चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएलच, कमी होतं. तुमचं करून बघा: 192 वजा 31, म्हणजे 161. धमनीत साचणारं सगळं यात आलं. धोका कमी असलेल्या माणसाचंसुद्धा हे 130च्या आत हवं. वडिलांना पंचावन्नच्या आत अ‍ॅटॅक आला असेल, तर तो तुमच्याही खात्यात धरतात.

मी डॉक्टर नाही, औषध तेच ठरवतील. पण माझं मत स्पष्ट आहे: एचडीएल वाढवायच्या मागे लागू नका. नायसिनने (बी-3 जीवनसत्त्वाच्या गोळीने) एचडीएल वाढतं, पण मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या, जोडीला देऊनही अ‍ॅटॅक कमी झाले नाहीत. जवस, अक्रोड खुशाल खा, गोळीच्या ऐवजी नको. स्टॅटिन सुरू झालं आणि रिपोर्ट सुधारला, की लोक गोळी बंद करतात. रिपोर्ट गोळीमुळे सुधारलेला असतो. काही आठवड्यांत आकडा परत वर जातो. अंग दुखलं तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते.

ट्रायग्लिसराइड 240 आहे, तेव्हा साखर, मैदा आणि घेत असाल तर दारू आधी कमी करा. तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं. थायरॉइड आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) सोबतच करून घ्या. लिपोप्रोटीन(ए), म्हणजे मुख्यतः अनुवंशाने ठरणारा कोलेस्टेरॉलचा एक प्रकार, आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. तुमच्या घराण्यात ते बघायलाच हवं.

जाताना वडिलांचे कागद घेऊन जा. धाकटा भाऊ असेल तर त्याचंही रक्त तपासा. माझ्या भावाचं मी उशिरा तपासायला लावलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168 निघालं.