घरच्या कॉम्प्युटरवर '३८६ स्पायवेअर सापडले, पैसे भरा' असं यायलंय, खरं आहे का? फॉरमॅटच मारावा लागेल का?

ताई, आधी एवढं करा, पैसे भरू नका आणि त्या विंडोत दिलेल्या नंबरवर फोन लावू नका, बाकीचं निवांत वाचलं तरी चालतं. तुम्ही लिहिलंय की मुलीच्या नीटच्या नोट्स डाउनलोड करताना कुठलं तरी बटन दाबलं गेलं, तेव्हापासून खाली उजव्या कोपऱ्यात लाल ढाल यायलीय, दर पाच मिनिटाला ३८६ स्पायवेअर (म्हणजे गुपचूप माहिती चोरणारे प्रोग्राम) म्हणायलीय, अडीच हजार मागायलीय, आणि लातूरचे दुकानदार म्हणतात फॉरमॅटशिवाय, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकल्याशिवाय, इलाज नाही. इलाज आहे, आणि बहुतेक वेळा घरीच होतो.

हे आमच्या घरात घडलेलं आहे म्हणून सांगतो. वडील सेलूला असतात, रिटायर शिक्षक. एका दुपारी पेन्शनची स्लिप काढायला बसले तर स्क्रीनभर निळं पान आलं, भोंग्यासारखा आवाज, इंग्रजीत बाई बोलायली की कॉम्प्युटर बंद करू नका, आणि खाली नंबर. त्यांनी लावला. पलीकडचा माणूस लई अदबीनं, सर सर करत हिंदीत बोलला, एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो ते ॲप, टाकायला लावलं आणि एक काळी विंडो उघडून पांढऱ्या अक्षरात भराभर नावं पळवली, म्हणे हे बघा सगळे व्हायरस. ती काळी विंडो म्हणजे विंडोजमधलं साधं कमांड प्रॉम्प्ट, त्यात ट्री अशी कमांड दिली की आपल्याच फोल्डरांची यादी अशी पळते, त्यात व्हायरस बियरस काही नसतं. पण ते बघून वडिलांनी ४,९९९ रुपये भरले आणि आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगितलं. पैशापेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटलं, आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस तीन दिवस घरात गप्प गप्प फिरायला लागला. म्हणून तुमच्याकडं ते बटन मुलीनं दाबलं असो नाहीतर सासऱ्यांनी, रागावू नका हो, रागावलं की पुढच्या वेळी लपवतात आणि लपवण्यात जे दिवस जातात तेच महागात पडतात.

आता खरं की खोटं कसं ओळखायचं. मी नंतर वडिलांच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढली आणि त्या भामट्यानं टाकून दिलेला 'क्लीनर' चालवून बघितला. बारा सेकंदात स्कॅन संपला, २१४ धोके. परत चालवला, परत २१४. आणि यादीत डी ड्राइव्हवरच्या फाईली होत्या, त्या कॉम्प्युटरला डी ड्राइव्हच नाही! खरा पूर्ण स्कॅन अर्धा तास, तास, जुन्या मशीनवर त्याहून जास्त पण घेतो. खोट्याची दुसरी खूण म्हणजे शोधणं फुकट आणि काढणं पैसे देऊन, आणि वर घाई, आत्ताच्या आत्ता भरा नाहीतर डेटा जाईल. घाई लावली की माणूस कुणाला विचारत नाही, सगळा धंदा त्यावरच चालतो. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करून घ्या.

हा धंदा जुना आहे. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटीव्हायरस असली नावं लावून असलेच खोटे क्लीनर विकणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) डिसेंबर २००८ मध्ये केस टाकली होती, दहा लाखाहून जास्त लोक फसले होते, आणि २०१२ मध्ये कोर्टानं १६.३ कोटी डॉलर भरायचा आदेश दिला. म्हणजे फसणारे काय अडाणी नसतात, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं काही नसेलच. ती लाल ढाल आली की लगेच बंद करू नका, नीट बघा, त्यावर बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं नाव आणि कुठल्या तरी वेबसाइटचा पत्ता दिसतो का. दिसला तर ते ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे, नोट्सच्या साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं असणार. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा, तिथं परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, अनोळखी सगळ्या काढून टाका. झालं. माझ्याकडं जे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं एवढ्यावरच भागतं आणि ते लोक आधी फॉरमॅटचे पैसे देऊन बसलेले असतात.

वडिलांसारखं स्क्रीनभर पान आलं आणि बंदच होत नसेल तर एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही झालं तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा, आणि परत उघडल्यावर 'रिस्टोअर' विचारलं तर नको म्हणा.

बारीक अक्षरात पत्ता दिसत नसेल तर मात्र प्रोग्राम बसलाय. मग आधी नेट तोडा, वायर काढा किंवा वायफाय बंद करा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी तारखेप्रमाणं लावा आणि ज्या दिवशी त्रास सुरू झाला त्या दिवशीची अनोळखी नावं अनइन्स्टॉल करा, काढताना तो परत घाबरवील की पीसी धोक्यात येईल, येऊ द्या. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं काही तुम्ही स्वतः टाकलेलं नसेल तर ते पण उडवा. निघतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा, सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतंच चालू होतं तेव्हा, असले प्रोग्राम सहसा उठत नाहीत, तिथं काढता येतात. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन, मशीन स्वतः रीस्टार्ट होतं, पंधरा मिनिटाच्या आसपास लागतात, मधे लाईट जाणार नाही अशी वेळ बघा. शेवटी हवं तर मालवेअरबाईट्स या व्हायरस काढणाऱ्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती, ती शोधते पण फुकट आणि काढते पण फुकट, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, गुगलवर सर्च केल्यावर वर ज्या जाहिराती येतात तिथून नको. सगळं काढल्यावर नेटच चालेना झालं तर घाबरू नका, असले प्रोग्राम प्रॉक्सी (नेट कुठल्या मधल्या कॉम्प्युटरमधून जाईल ती सेटिंग) बदलून ठेवतात, नेटवर्क सेटिंग्जमध्ये जाऊन प्रॉक्सी बंद करा.

फॉरमॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो शेवटचा उपाय. आमच्या आत्याच्या घरी एका दुकानात बॅकअप न घेताच फॉरमॅट मारला आणि नातवाच्या बारशाचे फोटो गेले, ते कुणी परत देऊ शकलं नाही. मारायचाच असेल तर फोटो आणि नोट्स आधी पेनड्राइव्हवर घ्या, समोर उभं राहून. अजून विंडोज ७ असेल तर गोष्ट वेगळी, त्याचे अपडेट जानेवारी २०२० लाच बंद झालेत, तिथं मी पण नवीन विंडोज टाका म्हणेन.

आणि कुणी पैसे भरले असतील किंवा कार्ड नंबर दिला असेल तर कॉम्प्युटरचं नंतर, आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार, जितक्या लवकर तितकं पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे की बँकेला कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची, म्हणून तक्रार नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नाहीतर मोबाईलवरून बदला, त्याच मशीनवरून नको.

आज संध्याकाळी ती ढाल आली की मोबाईलनं जवळून फोटो काढा, बारीक अक्षरं दिसली पाहिजेत, आणि इथं टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.