ताप, डोकेदुखी आणि मान आखडलीय, सकाळपर्यंत थांबू का?

नाही, थांबू नका, आत्ताच निघा. तुम्ही लिहिलंय की ताप आहे, डोकं फुटेल असं दुखतंय आणि हनुवटी छातीला टेकवता येत नाहीये, हे मेनिंजायटिस असू शकतं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला सूज. व्हायरसमुळे झाला असेल तर बरेच जण आपोआप बरे होतात पण बॅक्टेरियाचा असेल तर काही तासांत माणूस हाताबाहेर जातो, आणि दोन्हींची सुरुवात अगदी सारखीच दिसते, घरी बसून फरक कळत नाही. त्यासाठी कमरेतून सुईने मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासतात, याला लंबर पंक्चर म्हणतात (नाव ऐकून लोक घाबरतात, पण ही तपासणी नाकारू नका प्लीज).

बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिसमध्ये साधारण 6 पैकी 1 जण दगावतो, वाचलेल्यांपैकी काहींना कायमचा बहिरेपणा येतो, म्हणून डॉक्टरांना दाट शंका आली तर रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक शिरेतून चालू करतात.

अंगावर लाल-जांभळे डाग आलेत का बघा, काचेचा ग्लास दाबून धरल्यावरही ते फिके झाले नाहीत तर सरळ ॲम्ब्युलन्स बोलवा. पण डाग नाहीत म्हणून निवांत राहू नका, खूप जणांना ते येतच नाहीत. उजेड सहन न होणं, उलट्या, बरळणं, झटके हेही धोक्याचंच. तान्ह्या बाळाची मान बऱ्याचदा आखडत नाही, ते दूध पीत नाही, मलूल पडतं, टाळू फुगते.

पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी जायचंच, आणि एकट्याने गाडी चालवत जाऊ नका.