अपघात-तपासणीच्या ट्रेनिंगसाठी व्हिडिओ कसे निवडावेत?

चाकणच्या प्रेस शॉपमधल्या (प्रेस मशिनवर पत्रा दाबून भाग बनवतात त्या विभागातल्या) सुपरवायझरांना अपघाताची तपासणी शिकवायची आहे, त्यासाठी व्हिडिओंचा विकतचा संच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी भोसरी-चाकण पट्ट्यात सेफ्टीचं ट्रेनिंग देतो, त्या अनुभवावरून सांगतो.

पैसे भरण्याआधी व्हिडिओची शेवटची दोन मिनिटं बघून घ्या. गोष्ट 'कामगाराचा निष्काळजीपणा, सर्वांनी सावध राहा' इथे येऊन संपत असेल तर नको. तो सेफ्टी वीकमध्ये कॅन्टीनला लावायला ठीक आहे. सुपरवायझरांना हे उत्तर तसंही तोंडपाठ असतं.

कारण उघड होण्याआधी थांबवता येईल असा व्हिडिओ शोधा. समजा, दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये, म्हणजे प्रेस खाली येऊ नये, अशी जुनी प्रेस आहे आणि एका बटणात लाकडी पाचर ठोकलेली दिसते, म्हणजे ते कायम दाबलेलंच राहतं. लगेच अख्खा वर्ग म्हणतो, सापडलं! नेमकं तिथेच पॉज करा. पाचर कधीपासून आहे? शिफ्ट इनचार्ज रोज तिथूनच जातो, त्याला दिसली नाही? जॉब (बनणारा भाग) डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकत होता का, मेन्टेनन्सला कळवलं होतं का? आणि तासाचं टार्गेट दोन्ही हात बटणावर ठेवून निघतं तरी का? या प्रश्नांची उत्तरं द्यायला व्हिडिओत काही मालमसाला असेल तर तो कामाचा. नाहीतर 'असं का झालं?' हे पुन्हा पुन्हा विचारत मूळ कारणापर्यंत जायचा व्हाय-व्हायचा तक्ता 'ऑपरेटरची चूक' लिहून दुसऱ्याच ओळीत संपतो.

फुकटात उत्तम माल हवा असेल तर केमिकल अपघातांची तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचे अ‍ॅनिमेशन यूट्यूबवर आहेत. २००५ च्या टेक्सास सिटी रिफायनरी स्फोटाचा मी नेहमी घेतो. तेलाचे घटक वेगळे करणारा टॉवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरला गेला, लेव्हल दाखवणारं उपकरण चुकीचं सांगत होतं, वरचा अलार्म वाजलाच नाही. १५ माणसं गेली, ती सगळी कॉन्ट्रॅक्टची, जवळच्याच ट्रेलर-ऑफिसांत आणि आसपास असलेली. ऑपरेटर जवळपास महिनाभर सुट्टी न घेता बारा-बारा तास काम करत होते. चूक कोणाची, यावर वर्गात वाद पेटतो, आणि तोच हवा असतो. निवेदन इंग्रजीत आहे, त्यामुळे आवाज बंद करून स्वतः मराठीत सांगत जा. केमिकलवाले नसलात तरी चालतं.

लाइनवर बिहार-ओडिशाकडची पोरं असतील तर युरोपातल्या नापो नावाच्या कार्टून कामगाराच्या फिल्म बघा. त्यात संवादच नाहीत. मात्र त्या धोका ओळखायला शिकवतात, तपासणी नाही. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सीसीटीव्ही क्लिप कृपा करून लावू नका. दहा सेकंदांत हात जातो, त्याआधीच्या तीन महिन्यांत काय झालं ते काहीच दिसत नाही. शिवाय तो माणूस कोणाचा तरी भाऊ असतो.

साक्षीदाराशी बोलायचं कसं, हा भाग मात्र विकतच्या व्हिडिओंत बहुतेक वेळा नाटकी असतो. तो स्वतःच शूट करा. गुरुवारी लाइन बंद असते तेव्हा मोबाइल पुरतो. एकदा 'मशिनचं गार्ड (संरक्षक झाकण) का काढलंस?' असं दरडावून विचारायचं, मग त्याच माणसाला चहा देऊन 'शिफ्ट सुरू झाल्यापासून काय काय झालं, सांग' म्हणायचं. दोन्ही उत्तरं पाठोपाठ दाखवली की वेगळं समजवावं लागत नाही. फक्त आपल्याच कंपनीतला खरा अपघात जसाच्या तसा उभा करू नका, विशेषतः भरपाईचं प्रकरण चालू असेल तर. मशिन, खातं, जखम सगळं बदला, आणि एचआरला आधी दाखवून घ्या.