बिल्डरने परवानगीशिवाय हायवेला जोडलेला रस्ता महामार्ग प्राधिकरणाने बंद केला. आता रहिवाशांनी काय करायचं?

कात्रज-देहूरोड बायपासलगतच्या तुमच्या सोसायटीचं हायवेवरचं तोंड बॅरियर लावून बंद झालंय, बिल्डर ‘परवानगी येतेच आहे’ म्हणतोय आणि काही सभासद बॅरियर काढून टाकायच्या गोष्टी करताहेत, असं तुम्ही लिहिलंय. माझी नोकरी महामार्गाच्या कामांवर गेली, म्हणून स्पष्ट सांगतो: तो कट, म्हणजे हायवेला पाडलेलं ते तोंड, पुन्हा उघडा म्हणून भांडू नका. बिल्डरने कायदेशीर रस्ता करून द्यावा म्हणून भांडा, आणि जोरात भांडा.

पहिल्या मागणीला कायद्याचा आधारच नाही. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन व वाहतूक) अधिनियम, २००२ मधलं कलम २८ वाचा. परवानगीशिवाय महामार्गावर यायचा हक्क कुणालाही नाही. गाडी घेऊन नाही, आणि पाच किंवा जास्त माणसांच्या गटाने पायीसुद्धा नाही. जमीन हायवेला लागून आहे म्हणून तो हक्क आपोआप मिळत नाही. कुणी तहसीलदाराकडे कलम १४३ खाली अर्ज करा म्हणेल. ते महसूल संहितेतलं कलम शेताच्या बांधावरून जाण्यायेण्याच्या वाटेसाठी आहे, महामार्गाला तोंड पाडायला नाही. बिल्डर मंजूर नकाशा पुढे करेल, पण बांधकाम मंजुरी देणारं कार्यालय वेगळं आणि महामार्गाची परवानगी देणारं वेगळं.

ही परवानगी म्हणजे नुसता शिक्का नसतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाची जून २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. वळणाऱ्या गाडीला वेग कमी करायला आणि बाहेर पडणाऱ्या गाडीला वेग घ्यायला वेगळी लेन, पावसाचं पाणी वाहून जायची सोय, हे सगळं नकाशात दाखवावं लागतं. चोरून केलेल्या कटला यातलं काहीच नसतं. बाजूच्या गटारात पाइप टाकून वर मुरूम पसरला की झालं, आणि जुलैत पाणी थेट हायवेवर. ताशी १०० किलोमीटरने येणारा ट्रक सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे सरकतो. समोर अचानक शाळेची बस आडवी आली तर ड्रायव्हरने करायचं काय? नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीत आहेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अपघातात ४८ गाड्या सापडल्या होत्या. मला या विषयात शांत राहता येत नाही, कारण त्या कटमधून रोज तुमचीच मुलं बाहेर पडणार असतात.

आता कामाचं. माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज महामार्ग प्राधिकरणाच्या पुण्यातल्या प्रकल्प कार्यालयात द्या. तुमच्या गट नंबरसाठी प्रवेशाची परवानगी कुणी, कधी मागितली, त्यावर काय उत्तर गेलं, बंद करण्याआधी कोणती नोटीस दिली, यांच्या प्रती मागा. दुसरा अर्ज बांधकाम मंजुरी देणाऱ्या कार्यालयात: मंजूर लेआउट, मंजुरीपत्रातल्या सगळ्या अटी आणि पोहोचरस्ता कुठून दाखवलाय ते. बऱ्याचदा नकाशात रस्ता मागच्या बाजूने, विकास आराखड्यातल्या रस्त्यावर दाखवलेला असतो आणि तो जागेवर केलेलाच नसतो. तसं निघालं तर तुमची बाजू पक्की झाली.

मग महारेरा, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं राज्याचं प्राधिकरण. ब्रोशरमध्ये ‘थेट हायवेवरून प्रवेश’ छापलं असेल तर ते पान जपून ठेवा. खोट्या जाहिरातीवर विसंबून फ्लॅट घेतल्यास रेरा कायद्याचं कलम १२ भरपाई देतं, आणि प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, बाकीची कर्तव्यं पाळली नाहीत तर कलम १८ आहे.

तोवर ये-जा कशी करायची, हा खरा अडचणीचा भाग. शेजारच्या जमिनीतून तात्पुरती वाट काढायला बिल्डरला लावा, पण जाण्यायेण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या. तोंडी कबुलीवर राहिलात तर जमीन विकली गेल्यावर नवा मालक तारेचं कुंपण घालेल. अग्निशमनची गाडी त्या वाटेने वळते का, हे आधी बघा. आणि हायवेच्या परवानगीचा अर्ज, आराखडा, जादा लेनचं काम हे सगळं बिल्डरच्या खर्चाने होऊ द्या; त्यासाठी सभासदांकडून वर्गणी गोळा करायला सर्वसाधारण सभेत कुणी ठराव आणला तर तो मंजूर करू नका.